खुबा मोडला म्हणजे म्हातारी संपली काय?

साताऱ्यात माता भीमाईंच्या स्मारकापाशी आम्ही गेलो, की काठी टेकत आलेल्या दोन-चार आयाबाया हमखास भेटतात. १८९६ साली भीमाई गेल्या आणि लहानग्या भीमाला मीराआत्यांनी सांभाळले. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने पोरे वाढवायची, हा आपल्या समाजाचा जुना रिवाज. पण तीच बाई न्हाणीत घसरून तिचा खुबा मोडला, की घरचे म्हणतात, ‘आता वयच झालं!’

आम्हाला हे मान्य नाही. अशा रुग्णावर दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. अंथरुणाला खिळले की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. उपचार मिळूनही जगभरात अशा चार-पाच रुग्णांमागे एक वर्षभरात दगावतो. मग मुंबईहून मुलगा येईपर्यंत हाडवैद्याची पट्टी बांधून पडून राहणाऱ्या म्हातारीचे काय होत असेल?

हे प्रमाण वाढणार आहे. १९९० साली जगात अंदाजे १६ लाख ६० हजार खुबे मोडले. २०५० साली हा आकडा ६३ लाखांवर जाईल आणि त्यातले निम्म्याहून अधिक आशियात असतील, असा तज्ज्ञांचा अंदाज. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के. सातारा-सांगलीची तरणी पोरे मुंबई-पुण्याला. वस्तीत उरले म्हातारे.

या बायांची हाडे ठिसूळ का झाली, हेही विचारले पाहिजे. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपले, उसाच्या मोळ्या वाहिल्या. दारात म्हैस असली तरी दूध डेअरीला गेले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रीच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू घेतली. कष्टकरी बाईच्या शरीराची झीज हा तिचा खाजगी प्रश्न नाही, हे आम्ही तिथूनच शिकलो. म्हातारपणी तो खाजगी कसा होतो?

शासनाची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, पाच लाखांपर्यंतचे आयुष्मान कार्डही आहे. मिरजेला १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण पडल्यावर कार्डासाठी धावाधाव करण्यात ते मोलाचे दोन दिवस जातात. आधारवर तर आमच्या कित्येक आज्यांचा जन्म १ जानेवारीचा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईचे वय कारकुनाने अंदाजाने टाकलेले. ते सत्तरीच्या आत भरले तर ती नव्या कार्डातून बाद!

शासनाला जाब विचारूच. पण घरकुलाच्या उंच पायऱ्यांना कठडा नाही, संडास अंगणापलीकडे, वाटेत दिवा नाही, डोळ्यांत मोतीबिंदू. येत्या १४ एप्रिलला डीजेवर किती उधळायचे ठरले आहे? त्यातून वस्तीतल्या किती संडासांत धरायला लोखंडी गज बसतील, हा हिशेब मंडळांनी आताच मांडावा. आणि कोणत्या आजीचे कार्ड अजून निघालेले नाही, ती यादी विहारात लावावी.