मृगाआधीचं निळं पाणी

आज पोफळीच्या कोळेरोगाबद्दल बोलू या. मे महिन्यातच बोलायचं, कारण जुलैत बोलून हातात काही राहत नाही.

पाऊस लागून पंधरा-वीस दिवस झाले की कोवळ्या सुपारीवर टोपीजवळ पाणी मुरल्यासारखा गर्द हिरवा डाग दिसतो. तो पसरतो, सुपारी कुजते नि गळते. खाली पडलेल्या फळावर कापसासारखा पांढरा थर चढतो. ‘कोळे’ हा शब्द कानडी, अर्थ कुजणं. हा बुरशीसारखा सूक्ष्म जीव आहे. त्याची बीजं पावसाच्या शिंतोड्यांनी आणि वाऱ्याने एका शिंपुटावरून दुसऱ्यावर जातात, नि ओल्या फळावर रुजतात. म्हणून सतत झड, थंडावा आणि मध्येच थोडं ऊन, असा पाऊस याला फार मानवतो.

यावरचं बोर्डो मिश्रण आत शिरलेला रोग बरा करत नाही, फळावर फक्त कवच चढवतं. कवच आधी हवं. पहिली फवारणी मृगाच्या पावसाआधी, मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला. दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप बघून. पाऊस लांबला तर तिसरी. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास हेच मिश्रण सुपारीवर वापरायला लावलं.

दुसरी फवारणी चुकते ती आपल्यामुळेच. तेव्हा भाताची लावणी असते, सगळी घरं चिखलात. आमच्याकडे एका वर्षी ‘लावणी होऊ दे’ म्हणत तीन आठवडे गेले. मग सकाळी बागेत गेले, तर पायाखाली सुपाऱ्याच सुपाऱ्या. सोलल्या, वाळवल्या, पण आतला गर हलका नि काळपट. व्यापाऱ्याने हातात घेऊनच परत ठेवल्या. तेव्हापासून झाडावर चढणाऱ्या गड्याला मी लावणीच्या आधीच तारीख देऊन ठेवते.

मिश्रण असं करा. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकची, लोखंडाची नकोत, नि स्वयंपाकाची तर मुळीच नकोत. चुना गाळून घ्या. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता, काठीने ढवळत. रंग आकाशी निळा येतो. आता स्वच्छ कोयता मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा, शिळं चालत नाही. तोंडाला फडकं बांधा, डोळे सांभाळा, मुलांना दूर ठेवा. काही घरांत फवारणीऐवजी पावसाआधी शिंपुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधतात, थोड्या झाडांना ते बरं पडतं.

पडलेली रोगट फळं आणि झाडावर वाळून लटकलेली शिंपुटं मात्र काढून जाळा. पुढच्या पावसात रोग तिथूनच निघतो, आणि एखाद्या झाडाचा शेंडाच कुजला तर ते झाड वाचत नाही.