सकाळी, उपाशीपोटी आणि दोनदा

आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये आजकाल व्हिटॅमिन डी आणि बी-१२च्या जोडीला टेस्टोस्टेरॉनही असतं. बहुतेकांनी ते मागितलेलं नसतं. मग मोबाइलवर रिपोर्ट येतो, एका आकड्यापुढे ‘लो’ छापलेलं दिसतं आणि थकवा, चिडचिड, सुटलेलं पोट या सगळ्यांचं मूळ एकदम सापडल्यासारखं वाटतं. त्यानंतर सल्ला विचारला जातो तो जिमच्या ट्रेनरला किंवा औषधाच्या दुकानदाराला. डॉक्टरांचा नंबर बऱ्याचदा शेवटी लागतो.

पण एका रिपोर्टवर हे निदान होतच नाही. टेस्टोस्टेरॉन दिवसभर एकसारखं नसतं. सकाळी ते सर्वांत जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. तरुणांमध्ये हा चढउतार अधिक ठळक असतो. खाण्यानंही ते खाली येतं. नुसतं ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर आकडा सरासरी पाव हिश्शाने घसरल्याचं प्रयोगात दिसलं आहे. तेव्हा ऑफिस सुटल्यावर, चहा-वडापाव झाल्यावर दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट काय सांगणार? अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : रक्त सकाळी, उपाशीपोटी घ्यायचं आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा तपासायचं. डेंगी-टायफॉइडसारख्या आजारातून नुकतं उठलेल्याने तर थोडं थांबलेलंच बरं, कारण आजारपणात हा आकडा तात्पुरता पडतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही लॅबला सांगावं. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं.

‘नॉर्मल’ची रेषासुद्धा एकच नाही. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरला रेषा मारते. एंडोक्राइन सोसायटी निरोगी, सडपातळ तरुणांवरून काढलेला २६४ हा आकडा धरते. म्हणजे २८० आकडा असलेला माणूस एकीच्या हिशेबात रेषेखाली, दुसरीच्या हिशेबात वर. शिवाय काही लॅब आकडा प्रति मिलिलिटर देतात. तिथे ३.२ वाचून घाबरायचं कारण नाही. ते ३२०च आहेत.

आता थकव्याबद्दल. युरोपातल्या आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. कमी टेस्टोस्टेरॉनशी पक्कं नातं निघालं ते तीनच लक्षणांचं : सकाळची ताठरता कमी होणं, कामेच्छा घटणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणं. ही तिन्ही लक्षणं आणि खरोखर कमी आकडा असे दोन्ही निकष लावल्यावर उरले जेमतेम २.१ टक्के पुरुष. थकव्यामागे बहुधा रक्तक्षय, थायरॉइड, साखर, अपुरी झोप किंवा नैराश्य निघतं. आणि ताठरतेची तक्रार असली तरी दोष टेस्टोस्टेरॉनचाच, असंही नाही. मधुमेह आणि आकसलेल्या रक्तवाहिन्या हे तिचं फार मोठं कारण आहे. हृदयविकाराची ती आगाऊ सूचनाही असू शकते, म्हणून लाजेपोटी गप्प बसणं महागात पडतं.

दोन्ही वेळा आकडा कमी आला, तर पुढचा प्रश्न ‘का?’ हा. इथे पॅकेज संपतं आणि डॉक्टर लागतात. एलएच आणि एफएसएच, म्हणजे पिट्युटरीकडून वृषणाला जाणारे संदेश, वाढलेले असतील तर बिघाड वृषणातच आहे. लहानपणी नव्हे, वयात आल्यावर झालेलं गालगुंड किंवा क्लाइनफेल्टर ही जन्मजात गुणसूत्रस्थिती त्यामागे असू शकते. ते वाढलेले नसतील तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडे पाहावं लागतं, प्रोलॅक्टिन तपासावं लागतं. लठ्ठ आणि मधुमेही पुरुषांत एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसलं तरी शरीराला प्रत्यक्ष वापरता येणारं ‘फ्री’ टेस्टोस्टेरॉन पुरेसं असू शकतं. त्यांनी आधी वजन उतरवलं तर आकडा आपोआप वर येतो, अनेकदा औषधाशिवाय.

सगळ्यांत घातक गैरसमज मात्र वेगळाच आहे : टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनने पौरुष वाढतं, म्हणजे मूलही लवकर होईल. घडतं नेमकं उलट. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की पिट्युटरी वृषणाला संदेश पाठवणं थांबवते आणि शुक्रजंतू बनणं मंदावतं, कधी पूर्ण थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने तर हेच इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दर आठवड्याला इंजेक्शन घेणाऱ्या २७१ पुरुषांपैकी १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्रजंतू उरला नाही. औषध थांबवल्यावर ते परत येतात, पण महिने जातात. जिममध्ये वर्षानुवर्षं टोचून घेतलेल्यांना तर कधी त्याहून अधिक.

वीर्य गेलं की ताकद जाते, ही भीतीही अजून जिवंत आहे. रेल्वेलगतच्या भिंतींवरच्या जाहिराती तिच्यावरच चालतात. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या चिंतेला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. वीर्यस्खलनाने टेस्टोस्टेरॉनचा साठा रिता होत नाही, कारण असा साठा नसतोच.

उपचार म्हणजे हार्ट अटॅकला निमंत्रण, हे दुसरं टोक. हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवरची ट्रॅव्हर्स चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. खरोखर कमतरता असलेल्यांत औषधाने हार्ट अटॅक-पक्षाघात वाढले नाहीत. मात्र हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसातल्या गुठळ्या थोड्या जास्त आढळल्या. उपचार सुरू झाल्यावर हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) ठरावीक काळाने तपासावे लागतात. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेला तर औषध थांबवतात.

रिपोर्टवर ‘लो’ दिसलं, तर आधी फॅमिली डॉक्टरांकडे जावं आणि गरज पडल्यास त्यांच्या चिठ्ठीवर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे किंवा युरॉलॉजिस्टकडे. चालू असलेली सगळी औषधं सांगावीत, जिमची पावडर आणि काढेसुद्धा. आणि पुढे मूल हवं असेल, तर ते पहिलं इंजेक्शन घेण्याआधीच सांगावं.