प्रेशर वॉशर: विजेवरचा की पेट्रोलवरचा?

प्रेशर वॉशर हा मुळात एक पंप आहे. नळातून किंवा टाकीतून आलेले पाणी त्यातले दट्टे आळीपाळीने दाबतात आणि ते गनच्या टोकावरच्या बारीक नोझलमधून जोराने बाहेर पडते. पंप फिरवायला विजेची मोटर बसवली की यंत्र विजेवरचे, इंजिन बसवले की पेट्रोलवरचे. पंप दोन्हींत साधारण एकाच घडणीचा असल्यामुळे ‘कोणते जास्त स्वच्छ धुते’ हा प्रश्न अर्धवट ठरतो. पंपाला ताकद कुठून आणायची, हे आधी ठरवावे लागते. सोलापूर आणि तुळजापूर यांच्यामध्ये, राष्ट्रीय महामार्ग 52 वर वसलेल्या तामलवाडीसारख्या गावात ते घराच्या बोर्डावरचे व्होल्टेज आणि टाकीतले पाणी ठरवते.

हे यंत्र घरात तसे उशिरा आले. जर्मनीतल्या आल्फ्रेड केर्शर यांच्या कंपनीने 1950 मध्ये गरम पाण्याचा उच्चदाब वॉशर बाजारात आणला, तो कारखान्यांसाठी आणि गॅरेजसाठी होता. एका माणसाला उचलून नेता येईल असे घरगुती यंत्र त्याच कंपनीने 1984 मध्ये काढले. आपल्याकडे मात्र दाबाच्या पाण्याची ओळख दोन वेगळ्या वाटांनी झाली. एक वाट महामार्गाकडेच्या वॉशिंग सेंटरची, जिथे पट्ट्यावर फिरणारा मोठा पंप जमिनीत पक्का बसवलेला असतो. दुसरी द्राक्षबागेची. तामलवाडीच्या आसपास द्राक्षे घेणाऱ्या शेतकऱ्यांना फवारणीचा एचटीपी पंप नवा नाही, आणि फवारणी नसेल तेव्हा त्याच पंपाने ट्रॅक्टर धुणे हीही नेहमीची गोष्ट. घरगुती वॉशर घ्यायचा की नाही हे ठरवताना या दोन जुन्या सोयी हिशेबात धरायला हव्यात. दुकानदार त्या सांगत नाही.

खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा असतो बारचा. एक बार म्हणजे साधारण 14.5 पीएसआय. हा आकडा बहुधा कमाल दाबाचा असतो. चालू कामातला दाब त्याहून कमी भरतो. शिवाय दाब हा अर्धाच भाग. मिनिटाला किती लिटर पाणी बाहेर पडते हा दुसरा भाग, आणि धुण्याची ताकद या दोहोंच्या गुणाकारावर ठरते. बार गुणिले लिटर, भागिले 600, एवढे केले की पाण्याला मिळणारी ताकद किलोवॉटमध्ये कळते. 100 बार आणि मिनिटाला साडेसहा लिटर म्हणजे जवळपास 1.1 किलोवॉट. मोटर आणि पंपात काही ताकद वाया जाते हे धरले तर 1800 वॉटच्या विजेवरच्या यंत्राकडून एवढेच येणे बरोबर आहे. 200 बार आणि दहा लिटर हवे असतील तर पाण्यालाच 3.3 किलोवॉट द्यावे लागतात, म्हणून तिथे सहा-सात अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन लागते. 1500 वॉटच्या यंत्रावर ‘200 बार, 10 लिटर’ असे छापलेले दिसले तर ते दुकानातच ठेवून यावे. एवढी ताकद त्या मोटरला मिळतच नाही, तर ती पाण्याला कुठून देणार?

दाब आणि पाणी यांची कामेही वेगळी आहेत. फरशीवरचे शेवाळ, ओट्यावरचा चिकट थर, दुचाकीवरचे तेल आणि धूळ सुटायला दाब लागतो. काळ्या मातीचे तसे नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकाला बसलेला काळ्या रानातला चिखल आधी भिजावा लागतो, मग ढिला होतो, मग वाहून जातो. त्याला भरपूर पाणी हवे. बारीक धारेने तो कापला जातो, पण हातभर जागा साफ करायला वेळ मोडतो. एचटीपी पंप 30 बारच्या आसपासच काम करतो, पण मिनिटाला 30 लिटर टाकतो. गणित केले तर ताकद दीड किलोवॉट, म्हणजे घरगुती विजेवरच्या वॉशरपेक्षा अधिकच. ज्याच्याकडे एचटीपी आहे त्याने ट्रॅक्टरसाठी वेगळे यंत्र घेण्यात अर्थ नाही. एक काळजी मात्र घ्यावी. औषध फवारणीच्या पाइपने जनावरांची दावण, पाण्याची टाकी किंवा घरातली भांडी धुऊ नयेत. धुण्यासाठी पाइप आणि गन वेगळी ठेवावी.

आता वीज. 1800 वॉटचे यंत्र 230 व्होल्टवर आठ अँपिअरच्या आसपास वीज ओढते. घरातला पंखा-टीव्हीचा साधा प्लग सहा अँपिअरचा असतो, त्यावर हे यंत्र चालवू नये. 16 अँपिअरचा पॉवर प्लग हवा. तो बहुतेक घरांत मोटर किंवा गिझरसाठी एखादाच असतो, आणि अंगणात तर नसतोच. मग एक्स्टेंशन ओढले जाते, आणि खरा गोंधळ तिथे सुरू होतो. बाजारात मिळणाऱ्या पाऊण चौरस मिलिमीटर तारेच्या तीस मीटर एक्स्टेंशनमध्ये आठ अँपिअरला बारा व्होल्टच्या वर घट होते. अडीच चौरस मिलिमीटरची तार वापरली तर तीच घट चार व्होल्टवर येते. शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढते, तेव्हा घटही तितक्या पट वाढते. तार गुंडाळीतच ठेवून वापरली तर ती तापते, वितळतेही.

यंत्राच्या पुस्तिकेत बोर्डावर 230 व्होल्ट धरलेले असतात. गावच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, संध्याकाळी भार चढला की 190, कधी 180 व्होल्ट मिळतात. इंडक्शन मोटरची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 180 व्होल्टला ती 61 टक्के उरते, 160 ला निम्म्याहूनही कमी. पंप दाबाखाली असेल तर मोटर फिरत नाही, नुसती गुणगुणते, करंट ओढत राहते आणि जळते. रिवाइंडिंगवाल्यांकडे येणाऱ्या पाणबुडी मोटरींची कहाणी हीच असते. कार्बन ब्रश असलेली युनिव्हर्सल मोटर अशा वेळी मंदावते, पण बहुधा सुरू होते. स्वस्त घरगुती वॉशरमध्ये हीच मोटर असते. ती हलकी असते, मोठा आवाज करते, ब्रश झिजवते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी तिला थंड होऊ द्यावे लागते. इंडक्शन मोटरचे यंत्र जड आणि महाग, पण शांत आणि दीर्घायुषी. बिघडले तर तालुक्याच्या गावीही बांधून मिळते. ज्या घरात व्होल्टेज 210 च्या वर टिकते त्यांनी इंडक्शन घ्यावे. जिथे ते टिकत नाही तिथे युनिव्हर्सल मोटर पत्करावी आणि धुण्याचे काम सकाळी किंवा दुपारी उरकावे. बोर्डाशी व्होल्टमीटर लावून चार दिवस आकडे पाहणे हा यंत्रखरेदीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. घरातला 900 व्हीएचा इन्व्हर्टर मात्र या यंत्रासाठी निरुपयोगी.

गावठाणातल्या घराला महावितरणची सिंगल फेज वीज बहुतेक वेळ असते. शेतातल्या वस्तीची गोष्ट निराळी. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज पाळीने, ठराविक तासच येते, आणि ते तास पाणी द्यायला लागतात. त्या वेळात वॉशर लावणे म्हणजे पिकाच्या पाण्याशी स्पर्धा. पेट्रोलच्या यंत्राची खरी जागा इथे आहे: जिथे प्लग पोचत नाही, किंवा पोचतो पण त्यात भरवशाची वीज नसते. गाडीत टाकून बागेत नेता येते, क्रेट जागेवरच धुता येतात, वायरची चिंता नाही.

पण त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती फक्त खरेदीची नव्हे. विजेवरची घरगुती यंत्रे पाच-सहा हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत मिळतात. पेट्रोलवरचे चांगले यंत्र त्याच्या दुप्पट-तिप्पट. अर्धा तास चालवायला विजेवरच्या यंत्राला एक युनिटही लागत नाही, म्हणजे खर्च दहा रुपयांच्या आसपास. पेट्रोलच्या यंत्राला तेवढ्या वेळात अर्धा ते पाऊण लिटर लागते. लिटरचा भाव शंभराच्या वर असताना हे पन्नास ते ऐंशी रुपये झाले. रोज गोठा धुणाऱ्याला हा फरक महिन्याला जाणवतो. वर्षातून चार वेळा यंत्र काढणाऱ्याला पैशापेक्षा वेगळाच त्रास होतो.

घरगुती धुलाई आपल्याकडे सणावारी होते. घटस्थापनेच्या आधी घर स्वच्छ, मग दिवाळी, मग पुढे कित्येक महिने यंत्र कोपऱ्यात. पंपावर आता मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. सोलापूर-धाराशिवच्या उसापासूनही हे इथेनॉल बनते, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही, पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. टाकीत तीन-चार महिने राहिलेले पेट्रोल खराब होते, कार्बोरेटरचे बारीक छिद्र बुजते आणि ऐन सणाच्या आदल्या दिवशी दोरी ओढून हात दुखले तरी इंजिन पेटत नाही. उपाय सोपा आहे, पण शिस्तीचा: काम संपल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि टाकी रिकामी ठेवावी. ऑइलही पाहावे लागते, एअर फिल्टरही. ज्याला हे जमणार नाही त्याने इंजिनाच्या वाटेला जाऊ नये.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही यंत्रे साध्या पाइपपेक्षा काटकसरी आहेत, ही धाराशिवसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यात लहान गोष्ट नाही. शेजारच्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अर्धा इंची पाइप उघडा सोडला तर मिनिटाला वीस लिटर सहज जातात. वीस मिनिटांत चारशे. विजेवरचे यंत्र तेवढ्या वेळात एकशे तीस लिटर वापरते, पेट्रोलचे दोनशेच्या आसपास. म्हणजे टँकरच्या दिवसांत विजेवरचे यंत्रच परवडते.

मात्र यंत्राला पाणी नीट मिळायला हवे. गच्चीवरची टाकी तीन मीटर उंच असेल तर पाण्याचा दाब 0.3 बारच येतो. तेवढ्यावर चालणारे यंत्र आहे का, ते आधी विचारावे. पिंपातून स्वतः पाणी ओढणारी यंत्रे वेगळी असतात. पाण्यात हवा शिरली की पंप थडथडतो आणि आतले सील झिजतात. बोअरच्या पाण्यात क्षार आणि बारीक रेती दोन्ही असतात. रेतीसाठी तोंडाला जाळीचा फिल्टर हवा, क्षारांसाठी काम संपल्यावर पंपातले पाणी काढून टाकावे. आणखी एक गोष्ट उन्हाळ्यातली. पुष्कळ घरगुती यंत्रांना 40 अंशांपर्यंतचेच पाणी चालते. मे महिन्यात दुपारी काळ्या टाकीतले पाणी त्यापलीकडे तापते. गनचा घोडा सोडल्यावर विजेची बहुतेक यंत्रे आपोआप थांबतात. पेट्रोलचे इंजिन चालूच राहते, तेच पाणी पंपात फिरत राहते आणि दोन-तीन मिनिटांत चांगलेच तापते. म्हणून गप्पा मारायच्या असतील तर इंजिन बंद करावे.

काय धुऊ नये हेही यंत्राइतकेच महत्त्वाचे. मातीच्या दर्ज्याच्या दगडी भिंती, चुन्याचे जुने सांधे आणि माळवद यांना प्रेशर वॉशर लावणे म्हणजे भिंत पोखरणे. शहाबादी फरशीला पसरट धारेचे, चाळीस अंशांचे पांढरे नोझल पुरते. लाल नोझलची सुईसारखी धार घरात वापरायची गरजच नाही. टायरपासून फूटभर अंतर ठेवावे. रेडिएटरच्या पात्या वाकतात, बेअरिंगमधले ग्रीस निघून जाते, म्हणून ट्रॅक्टर धुतल्यावर ग्रीसिंग करावे. छतावरच्या सोलर पॅनेलला ही धार लावू नये.

सुरक्षेत दोघांचे धोके वेगळे आहेत. विजेच्या यंत्राला ओल्या अंगणात गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी आणि चांगले अर्थिंग अनिवार्य. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावे. पेट्रोलचे इंजिन बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये चालवू नये, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याच्या आवाजाने जनावरे बिथरतात ते वेगळेच. आणि दोन्हींची धार कातडी फोडून आत शिरते. अशी जखम वरून टाचणीएवढी दिसते, आत मात्र पाणी आणि घाण दूरवर पसरलेली असते. त्यावर हळद लावून बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

गावठाणात घर, दारात दुचाकी आणि एखादी कार, फरशीचे अंगण, बोर्डावर बरे व्होल्टेज, एवढे असेल तर 1800 वॉटच्या आसपासचे विजेवरचे यंत्र घ्यावे आणि उरलेल्या पैशात पॉवर प्लग, जाड तार आणि ईएलसीबी बसवून घ्यावा. वस्तीवर राहणाऱ्याने, रोजचे काम असेल आणि इंजिन सांभाळायची सवय असेल तरच, पेट्रोलकडे वळावे. घरी एचटीपी असेल तर गन आणि पाइप तेवढे नवे घ्यावेत. आणि महिन्यातून एकदा गाडी धुण्यापलीकडे काम नसेल तर कोणतेच यंत्र घेऊ नये. रस्त्यावरचे वॉशिंग सेंटर स्वस्त पडते.