मळ्यातील एकटे घर : भय आणि बंदोबस्त

गावठाणातील घर सोडून शेतावर राहावयास जाणे ही पश्चिम महाराष्ट्राच्या बागायती भागात आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. विहिरीचे व कालव्याचे पाणी आले, दुभती जनावरे वाढली, पिकाची राखण रात्रंदिवस करावी लागू लागली, आणि शेतकरी कुटुंबे आपापल्या मळ्यात वस्ती करून राहू लागली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांमुळे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस वाढला, आणि उसाबरोबर मळ्यातील घरेही वाढली. शेतीच्या दृष्टीने अशा राहण्याचे लाभ उघड आहेत. परंतु या राहण्याची दुसरीही एक बाजू आहे व तिच्याविषयी चारचौघांत फारसे बोलले जात नाही. ती बाजू म्हणजे रात्रीचे भय होय.

जुन्नर किंवा शिरूर तालुक्यातील एखादी वस्ती डोळ्यांसमोर आणावी. घर गावापासून दोन मैलांवर आहे. तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीचा ऊस आहे. पंपाची वीज रात्री येण्याची पाळी असल्यामुळे घरधनी दारे धरण्यासाठी शेताच्या दुसऱ्या टोकाला गेला आहे. घरात त्याची पत्नी, दोन लहान मुले आणि वृद्ध सासू एवढीच माणसे आहेत. गोठ्यातील गाय एकाएकी उठून उभी राहते, कुत्रे भुंकावयाचे थांबते आणि दाराशी अंग चोरून बसते. त्या बाईला बाहेर काय आहे ते दिसत नाही, ते काय असावे याचा अंदाज येत नाही, आणि हाक मारली तर ओ देणारे कोणी जवळ नाही. ती दाराला अडसर लावते व धनी परत येईपर्यंत बसून राहते. सकाळी याविषयी ती कोणाशी बोलत नाही. बोलल्यास लोक हसतील असे तिला वाटते.

अशा भयाला हसणे योग्य नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले व एक वृद्ध स्त्री मृत्युमुखी पडली. सर्पदंशाने मळ्यात माणसे दगावतात. आडवळणाच्या घरी चोऱ्या होतात. तेव्हा हे भय केवळ मनाचा खेळ नाही. तथापि भय मनात ठेवून दार लावून बसल्याने धोका कमी होत नाही. वर वर्णिलेल्या प्रसंगाकडे नीट पाहिले तर भयाची तीन कारणे दिसतात : बाहेरचे दिसत नाही, काय करावे ते कळत नाही, आणि हाकेला ओ मिळत नाही. या तिन्ही कारणांवर उपाय आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक अल्प खर्चाचे आहेत.

घराभोवतीची जागा

पहिला उपाय घराभोवती मोकळी जागा राखण्याचा आहे. जमिनीचा तुकडाही वाया जाऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी ऊस अगदी ओट्याला भिडेल असा लावला जातो. हा हिशेब चुकीचा आहे. घर व गोठा यांच्या चोहोबाजूंनी निदान २५ ते ३० फूट जागा उघडी ठेवावी. तेथे ऊस, मका किंवा गजराज गवत यांसारखे उंच पीक घेऊ नये. त्याऐवजी मेथी, कोथिंबीर, कांदा किंवा भुईमूग अशी बुटकी पिके घ्यावीत, म्हणजे जमीनही पडून राहत नाही व नजरही अडत नाही. सरपणाचा ढीग, दगडविटांची रास, पाचट व गवताची गंज घराच्या भिंतीला लागून ठेवू नये. अशा जागी उंदीर येतात, आणि उंदरांच्या मागे साप येतो.

दुसरा उपाय उजेडाचा आहे. दिवा घराच्या आत असला की बाहेरच्याला आतले दिसते व आतल्याला बाहेरचे काहीच दिसत नाही. यास्तव निदान एक दिवा बाहेर, गोठ्याकडे तोंड करून लावावा. वीज जाण्याचा संभव असल्याने सौर दिवा अधिक उपयोगी पडतो. त्याची कळ घरातून दाबता यावी. शौचालय घरालगत असावे व तेथवरच्या वाटेवर उजेड असावा. दिवेलागणीनंतर मुलांना परसाकडे एकटे जाऊ देऊ नये.

गोठा, शेळ्या आणि कुत्रे

बिबट्या वस्तीजवळ येतो तो बहुधा माणसासाठी नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला. त्यात त्याच्या खाद्यापैकी वजनाच्या मानाने ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा, आणि त्यातही ३९ टक्के एकट्या कुत्र्यांचा, असे आढळले. याच परिसरात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे वावरत असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. म्हणजे ज्या भागात माणसे दाट राहतात तेथेच हा प्राणीही राहतो, आणि वस्तीतील कुत्री, शेळ्या व वासरे हे त्याचे मुख्य आकर्षण असते.

यावरून कुत्र्यासंबंधी एक गोष्ट ध्यानात येईल. चोरावर नजर ठेवण्यासाठी बांधलेले कुत्रे बिबट्याला बोलावणारे ठरू शकते. म्हणून कुत्रे पाळू नये असे नव्हे. परंतु रात्री ते अंगणात साखळीने बांधून ठेवू नये. त्याला जाळीच्या पिंजऱ्यात किंवा पडवीत, दाराच्या आत, ठेवावे. तेथूनही ते भुंकून सूचना देते आणि त्याचा जीवही वाचतो.

शेळ्या-मेंढ्यांचा गोठा चारी बाजूंनी व वरूनही बंद असावा. केवळ कुडाची भिंत किंवा उघडे माथे असलेले कुंपण पुरेसे होत नाही. बिबट्या उंच उडी मारतो व चढतोही. जाड तारेची जाळी मजबूत खांबांना घट्ट बसवावी, दाराला कडी-कोयंडा असावा, आणि जाळीचा खालचा काठ जमिनीत गाडावा. मेलेले जनावर वा कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकू नये. ती खोल पुरावी.

बिबट्या दिसल्यास

बिबट्या दिसल्यास पळू नये, वाकू नये व त्याच्या मागे लागू नये. ताठ उभे राहावे, मोठ्याने बोलावे व तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरावे. उसात किंवा गवतात बसून काम करणारे माणूस बुटके दिसते व त्याला धोका अधिक असतो. म्हणून अशी कामे दोघांनी मिळून, बोलत-बोलत करावीत. रात्री दारे धरावयास जाताना हाती काठी व विजेरी असावी. लहान रेडिओ चालू ठेवल्यास अधिक चांगले. ऊसतोडीच्या वेळी बछडे आढळल्यास त्यांना हात लावू नये. काम थांबवून वनखात्याला कळवावे. आई जवळपास असण्याचा संभव असतो.

दिसेल तो बिबट्या पकडून दूर नेऊन सोडावा, अशी मागणी गावोगावी होते. ती समजण्यासारखी आहे. परंतु जुन्नर विभागाचा अनुभव विचार करावयास लावणारा आहे. १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ मध्ये मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून अन्यत्र जंगलात सोडण्यास आरंभ झाला, त्यानंतर हे प्रमाण सरासरी १७ वर गेले. एक बिबट्या नेला की त्याची जागा दुसरा घेतो, आणि परक्या मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो. माणसावर वारंवार हल्ला करणाऱ्या बिबट्याचा बंदोबस्त करावाच लागतो व तो निर्णय वनखात्याने घ्यावयाचा असतो. परंतु उरलेल्या सर्व दिवसांचे रक्षण गोठ्याची जाळी व अंगणातील दिवा यांवरच अवलंबून असते.

साप आणि रात्रीची झोप

मळ्यातील घरात अधिक वेळा येणारा पाहुणा बिबट्या नव्हे तर साप होय. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. यांपैकी मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाच्या जागी सूज वा वेदना फारशी नसते, त्यामुळे चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे ही लक्षणे दिसली तर ती सर्पदंशाची असू शकतात, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे.

खाली झोपू नये. खाटेवर वा बाजेवर झोपावे व मच्छरदाणी गादीखाली खोचावी. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये व मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. रोग्याला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हालू देऊ नये आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात त्वरित न्यावे. कोणत्या रुग्णालयात प्रतिविष असते याची चौकशी पावसाळ्याच्या आरंभीच करून ठेवावी. मध्यरात्री ती करण्यास वेळ नसतो.

चोरापासून रक्षण

दागिने व मोठी रोकड मळ्यातील घरात ठेवू नये. त्यांची जागा बँकेत आहे. पीक विकून पैसे आल्याची किंवा घर चार दिवस बंद राहणार असल्याची वार्ता बाजारात सांगत फिरू नये. दाराला आतून कडीबरोबर लाकडी अडसर असावा. रात्री अनोळखी माणसाने हाक मारल्यास दार न उघडता खिडकीतून बोलावे. चोर घरात शिरलाच तर त्याच्याशी झुंजण्याचे धाडस करू नये. गेलेली वस्तू पुन्हा घेता येते.

एकट्याचे भय एकट्याने जात नाही

येथवर सांगितलेले उपाय प्रत्येक कुटुंबाने आपापले करावयाचे आहेत. परंतु तिसरे कारण, हाकेला ओ न मिळणे, हे कोणत्याही एका घराने दूर करता येत नाही. गावठाणात शेजार आपोआप मिळतो. मळ्यात तो जाणीवपूर्वक बांधावा लागतो. पाच-सात वस्त्यांनी मिळून एक गट करावा. कोणाकडे रात्री दारे धरण्याची पाळी आहे, कोणते घर बंद आहे, कोठे बाळंतीण वा आजारी माणूस आहे, याची माहिती एकमेकांस असावी. थाळी, घंटा किंवा शिट्टी यांपैकी एक खूण ठरवावी, व ती ऐकू येताच प्रत्येक घराने बाहेरचा दिवा लावून फोन करावा, असा नेम असावा. घरधनी रात्री शेतात असेल तेव्हा शेजारच्या वस्तीवरील एखाद्या स्त्रीने घरी सोबतीला यावे. हंगामात उसाच्या कडेला कोप्या घालून राहणारे तोडणी कामगारही याच गटात धरावेत. त्यांच्या कोपीला दार नसते व त्यांची मुले सर्वांत अधिक उघड्यावर असतात.

११२ हा पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा, १०८ हा रुग्णवाहिकेचा व १९२६ हा वनखात्याचा क्रमांक आहे. हे क्रमांक व पोलीस पाटलांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावेत, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांकडून ते पाठ करून घ्यावेत. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेले पोलीस पाटील हे गाव व पोलीस ठाणे यांना जोडणारा दुवा आहेत. मळ्यातील वस्त्यांची यादी त्यांच्याजवळ असणे आवश्यक आहे. रात्री येणाऱ्या गाडीला वाट सापडावी म्हणून रस्त्याच्या फाट्यावर वस्तीच्या नावाची पाटी लावावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

बियाणे व खते यांच्या कामासाठी कार्यकर्ता मळ्यात जातो तेव्हा तो बहुधा घरधन्याशी बांधावर बोलून परततो. त्याने ओट्यावर थोडे बसून घरातील स्त्रियांना व वृद्धांना विचारावे : रात्री घरी कोण असते? दिवा कोठे आहे? हाक मारली तर प्रथम कोण येईल? या प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे त्या घराला काय हवे ते कळते. मुले नोकरीसाठी शहरात गेली व मागे केवळ म्हातारा-म्हातारी राहिली, अशी घरे आता वाढत आहेत. अशा घरांची नोंद वेगळी ठेवावी व गटातील एकाने रोज सायंकाळी तेथे फेरी मारावी. बाहेरचे दिवे, शौचालये व गोठ्यांच्या जाळ्या यांचा विषय ग्रामसभेपुढे मांडावा.

आरंभी वर्णिलेल्या घरात यांपैकी कोणताही उपाय मोठा खर्च केल्याशिवाय होणार नाही असे नाही. ओट्यापासून उसाच्या चार सऱ्या मागे घेतल्या, गोठ्यावर दिवा लावला, कुत्रे पडवीत घेतले, आणि धनी दारे धरावयास गेला त्या रात्री शेजारची एक बाई सोबतीला येऊन बसली, तर बाहेरचा अंधार तेवढाच राहील; पण गाय उठून उभी राहिली म्हणजे त्या घरातील माणसांना काय करावयाचे ते ठाऊक असेल, आणि त्यांच्या हाकेला कोणीतरी ओ देईल. मळ्यातील राहणे सुखाचे होण्यास याची गरज पाण्याच्या व विजेच्या गरजेइतकीच मोठी आहे.