रुग्णशय्येपाशी पूर्ण होणारी डॉक्टरेट

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे काही महिने राहून आलेल्या आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव आला असेल. रक्तदाब तपासून घेण्यासाठी दवाखान्यात जावे, तपासणीच्या खोलीत एक बाई याव्यात, त्यांनी निवांत बसून विचारपूस करावी, औषधेही त्यांनीच लिहून द्यावीत. आणि परतताना मुलाने सांगावे, ‘‘आई, त्या नर्स होत्या, पण डॉक्टरेट केलेल्या.’’ नर्स आणि डॉक्टरेट हे दोन शब्द एकत्र ऐकण्याची आपल्या कानांना सवय नाही. म्हणूनच ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’, अर्थात ‘डीएनपी’, ही पदवी समजून घेण्याजोगी आहे.

तिची पाळेमुळे १९६५ पर्यंत मागे जातात. त्या वर्षी कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ घडवणारा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. जिथे डॉक्टर सहज मिळत नाहीत, तिथल्या मुलांची तपासणी आणि देखभाल प्रशिक्षित परिचारिकेने करावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढे या परिचारिकांवरील जबाबदारी वाढत गेली. २००१ मध्ये केंटकी विद्यापीठाने डीएनपीचा अभ्यासक्रम सुरू केला आणि २००४ मध्ये तेथील नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने सुचवले, की प्रगत सेवा देणाऱ्या परिचारिकांचे शिक्षण २०१५ पर्यंत डॉक्टरेटच्या पातळीवर न्यावे. ती मुदत केव्हाच उलटली. भूल देणाऱ्या परिचारिकांसाठी आता नव्याने शिकताना डॉक्टरेट आवश्यक झाली आहे. नर्स प्रॅक्टिशनर होण्यासाठी मात्र पदव्युत्तर पदवी आजही पुरेशी ठरते.

मग पीएच.डी. असताना ही वेगळी डॉक्टरेट कशासाठी? पीएच.डी. करणारी परिचारिका नवे ज्ञान शोधते. डीएनपी करणारी परिचारिका असे विचारते, की जे ज्ञान आधीच हाती आहे, ते माझ्या वॉर्डातील रुग्णापर्यंत का पोहोचत नाही? म्हणूनच या शिक्षणात नर्सिंगच्या पहिल्या पदवीनंतर किमान १००० तासांचा प्रत्यक्ष सेवेचा अनुभव अपेक्षित असतो. अनेकजणी नोकरी आणि संसार सांभाळूनच तो पूर्ण करतात. शेवटी प्रबंधाऐवजी सहसा एक प्रकल्प असतो. तो एखाद्या वॉर्डात, दवाखान्यात किंवा वृद्धाश्रमात प्रत्यक्ष राबवायचा असतो.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना होणाऱ्या शय्याव्रणांचे उदाहरण घेऊ. कोणाला हे व्रण होण्याचा धोका अधिक आहे, हे ओळखण्यासाठी ‘ब्रेडन मापपट्टी’ १९८७ पासून उपलब्ध आहे. संवेदना, त्वचेचा ओलावा, हालचाल, कूस बदलण्याची क्षमता, आहार आणि अंथरुणावरील घर्षण या सहा गोष्टी पाहून तीत गुण दिले जातात. गुण जितके कमी, तितका धोका अधिक. साधन आहे, तरीही व्रण होतातच. का? नोंद उशिरा होते काय? रात्रपाळीत कूस बदलायला हात कमी पडतात काय? ओली चादर बदलण्याचे काम नेमके कोणाचे, हे ठरलेलेच नाही काय? डीएनपीची विद्यार्थिनी असे कारण शोधते, सहकाऱ्यांना विश्वासात घेऊन कामाच्या पद्धतीत एक बदल करते आणि आधी किती व्रण होत होते, नंतर किती झाले, हे मोजते. या पदवीचे सार या मोजण्यात आहे. ‘आम्ही काळजी घेतो’ एवढे म्हणून ती थांबत नाही. काळजीचा परिणाम दाखवावा लागतो.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डीएनपी झालेल्या परिचारिकेच्या हातून पदव्युत्तर परिचारिकेपेक्षा रुग्ण अधिक बरे होतात, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. ही पदवी म्हणजे वैद्यकशास्त्राची पदवीही नव्हे. नर्स प्रॅक्टिशनरने स्वतंत्रपणे काम करावे की डॉक्टरांशी करार करून, याचे नियम प्रत्येक राज्यात निराळे आहेत. ‘डॉक्टर’ या संबोधनाने रुग्णाचा गोंधळ होतो, असा आक्षेपही तेथील अनेक डॉक्टर घेतात. तेव्हा समोरच्या व्यक्तीला ‘‘आपण नर्स प्रॅक्टिशनर आहात की फिजिशियन?’’ असे विचारण्यात संकोच नसावा. तो आपला अधिकार आहे.

आपल्याकडे परिचर्येत पीएच.डी. करता येते, आणि अतिदक्षता विभागासाठी भारतीय परिचर्या परिषदेने दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमही आखला आहे. तरीही घरोघरी वृद्धांची शुश्रूषा होते ती पत्नीच्या, सुनेच्या, लेकीच्या किंवा पगारी मावशींच्या हातून. त्यांच्याजवळ पदवी नसते. डीएनपीची रीत मात्र त्यांनाही उचलता येते.

एक साधी वही करा. कूस कधी बदलली, जेवण किती गेले, माकडहाड, नितंब आणि टाचा यांवर लाली दिसते काय, तोल कोणत्या वेळी गेला, हे तारीखवार लिहा. एका वेळी एकच बदल करा. रात्री स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा ठेवणे एवढा लहान बदलही चालेल. पंधरा दिवसांनी आधीच्या नोंदींशी तुलना करा. दाब काढूनही लाली जात नसेल, किंवा कातडी सोलवटली असेल, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. ती वही सोबत न्या. ‘बरे नाही वाटत’ या तीन शब्दांपेक्षा वहीतले एक पान त्यांना कितीतरी अधिक सांगेल.

आणि ज्येष्ठांनो, रात्री उठताना सिस्टरला किंवा सुनेला हाक मारण्याचा संकोच करू नका. ‘कशाला त्रास द्यायचा’ म्हणून एकट्याने उठलेले ते एक पाऊल पुढचे कित्येक महिने अंथरुणात घालवायला लावू शकते. आपली हाक हीसुद्धा शुश्रूषेतली एक नोंदच आहे.