घुबडाचीं पोरकीं पिलें : त्यांचें संगोपन व मुक्तता

शेतकऱ्याच्या धान्यांत जे वांटेकरी होतात, त्यांत उंदराचें स्थान फार वरचें आहे. पेरलेलें बीं तो उकरतो, उभ्या पिकाचीं कणसें तोडून बिळांत नेतो, आणि उरलेलें धान्य घरीं आलें म्हणजे कणगींतही शिरतो. या शत्रूवर रात्रभर पहारा करणारा व त्याबद्दल कवडीचीही अपेक्षा न ठेवणारा एक राखणदार आपल्या गांवांत असतो. तो म्हणजे गव्हाणी घुबड. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, पाठीवर सोनेरी करडा रंग आणि उडतांना पंखांचा मुळींच आवाज न होणें, या खुणांवरून हा पक्षी सहज ओळखतां येतो. जुन्या वाड्याचा माळा, पडकी विहीर, देवळाचें शिखर, वडाची ढोली हीं त्याचीं राहण्याचीं ठिकाणें होत.

हे जुने वाडे आतां पाडले जात आहेत व जुनीं झाडें तुटत आहेत. अशा वेळीं फुत्कार टाकणारीं पांढरीं पिलें अकस्मात् उघड्यावर पडतात. पुढें काय करावें हें ठाऊक नसल्यामुळें बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. अपशकुनी समजून तीं मारलीं जातात, किंवा दयेपोटीं भलतेंच खाऊं घातल्यानें मरतात. यांतील दुसरा प्रकार प्रस्तुत लेखकाच्या घरींच घडलेला आहे. वाड्याचा माळा उतरवीत असतां आम्हांस एक पिलूं सांपडलें. घरांतील मंडळींनीं त्यास कापसाच्या बोळ्यानें दूध पाजलें व भाकरीचा कुस्करा भरविला. पिलूं गार पडलें होतें. त्यास आधीं ऊब द्यावी, हें कोणासही सुचलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं तें मेलेलें आढळलें. आमच्या मायेंत उणेपणा नव्हता, ज्ञानांत होता. तें ज्ञान आमच्या शेतकरी बंधूंस वेळेवर उपयोगी पडावें, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

पिलूं खरोखर पोरकें आहे काय ?

जमिनीवर दिसलेलें प्रत्येक पिलूं पोरकें नसतें. साळुंकी, बुलबुल वगैरे पक्ष्यांचीं पिसें फुटलेलीं पिलें उडावयास शिकत असतांना एक दोन दिवस जमिनीवर वावरतात, व आईबाप तेथेंच त्यांस चारा भरवितात. अशा पिलास मांजराकुत्र्यांपासून दूर, जवळच्या झुडुपांत ठेवून आपण बाजूस व्हावें. पिसें न फुटलेलें उघडें पिलूं मात्र उचलून घरट्यांत परत ठेवावें. माणसाचा हात लागला कीं पक्षी आपलें पिलूं टाकतात, हा समज खरा नाहीं.

गव्हाणी घुबडाची गोष्ट थोडी वेगळी आहे. घरट्याबाहेर जमिनीवर पडलेल्या पिलाकडे या जातीचीं आईबापें बहुधा लक्ष देत नाहींत. म्हणून तें परत वर पोंचविणें हाच पहिला व सर्वोत्तम उपाय होय. मूळ जागा नष्ट झाली असल्यास त्याच दिवशीं, शक्य तितक्या जवळ, दहा ते पंधरा फूट उंचीवर लांकडी पेटी बसवून तींत पिलें ठेवावीं. पेटी दोन फूट लांब, दीड फूट रुंद व सव्वादोन फूट उंच असावी. तिचें दार पांच सहा इंच चौरस व तळापासून दीड फूट उंच ठेवावें, म्हणजे पिलें बाहेर पडत नाहींत. नंतर दुरून पहावें. पिलांचा फुत्कार ऐकून मोठीं घुबडें रात्रीं भक्ष्य घेऊन आलीं, तर आपलें काम संपलें. रात्र जाऊनही कोणी फिरकलें नाहीं, किंवा आईबाप मेल्याचें निश्चित ठाऊक असलें, तरच पिलें पोरकीं समजावीं.

कायद्याची बाजू

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वयें वन्य पक्षी परवानगीवांचून घरीं बाळगणें हा गुन्हा आहे. म्हणून पोरकें पिलूं मिळतांच वनखात्यास कळवावें. महाराष्ट्रांत त्यासाठीं १९२६ हा क्रमांक आहे. त्या खात्याच्या हवालीं करीपर्यंतचे पहिले कांहीं तास मात्र आपल्याच हातीं असतात, आणि पिलूं बहुधा त्या तासांतच जगतें किंवा मरतें. पुढील संगोपन अनुभवी माणसानें, खात्याच्या अनुमतीनेंच करावयाचें असतें. तरीही त्याची रीत शेतकऱ्यास ठाऊक असावी. कारण पिलें अखेर सोडावयाचीं असतात तीं त्याच्याच शिवारांत.

ऊब व आहार

पहिले दोन तीन आठवडे पिलास स्वतःच्या शरीराची ऊब राखतां येत नाहीं. यासाठीं कापड अंथरलेल्या खोक्यांत एका बाजूस, फडक्यांत गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवावी. दुसरी बाजू मोकळी असावी, म्हणजे उष्णता अधिक झाल्यास पिलास सरकतां येतें. गार पडलेल्या पिलास कांहींही खाऊं घालूं नये. थंड शरीरांत अन्न पचत नाहीं. आधीं ऊब, मग घांस, हा क्रम कधींही मोडूं नये.

दूध, भाकरी, भात, डाळ हीं या पक्ष्याचीं अन्नें नव्हेत. चोचींत पाणीही ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जाऊन पिलूं गुदमरतें, आणि त्यास लागणारें पाणी मांसांतूनच मिळतें. त्याचा खरा आहार म्हणजे ताजा मारलेला उंदीर. तो सांपळ्यांतील असावा, विषानें मेलेला कदापि नसावा. लहान पिलास मांसाचे बारीक तुकडे चिमट्यानें, चोचीच्या बाजूच्या केसांस हळूच लावून, दिवसांतून चार पांच वेळां द्यावे. पिलूं वाढूं लागलें म्हणजे केस व हाडांसह तुकडे, आणि पुढें सबंध उंदीर द्यावा. नुसतें मांस दिल्यास चुना कमी पडून हाडें वांकडीं होतात. न पचलेले केस व हाडें यांची गोळी करून घुबड ती तोंडावाटे टाकतें. हा आजार नव्हे. पचन नीट चालल्याची ती खूण होय.

एका घरट्यांतील पिलें लहान मोठीं दिसतात, त्यावरून धाकटें पिलूं रोगी समजूं नये. मादी दोन तीन दिवसांच्या अंतरानें अंडीं घालते व पहिल्या अंड्यापासूनच उबवूं लागते; म्हणून थोरल्या व धाकट्या पिलांत पंधरवड्याचेंही अंतर असूं शकतें. खाऊं घालतांना मात्र धाकट्यास आधीं द्यावें, नाहीं तर थोरलें त्याचा वांटा घेतें.

माणसाची संवय लागूं न देणें

पक्ष्याचें कोंवळें पिलूं आपणांस जो खाऊं घालतो त्यालाच आपल्या जातीचा समजतें. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांनीं हंसांच्या पिलांवर या गोष्टीचा अभ्यास केला. प्राण्यांच्या वर्तनावरील संशोधनाबद्दल त्यांना १९७३ सालीं दोन सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळालें. घुबडाच्या पिलास माणसाची अशी ओढ लागली, तर मोठेपणीं तें जोडीदार शोधीत नाहीं व माणसाजवळ येऊन मारलें जातें. म्हणून भावंडें एकत्र ठेवावीं, त्यांच्याशीं बोलूं नये, त्यांस कुरवाळूं नये, मुलांच्या हातीं खेळावयास देऊं नये. माया आंवरणें हाच संगोपनाचा सर्वांत कठीण भाग आहे.

मुक्तता

पिलें सहा सात आठवड्यांचीं झालीं म्हणजे शिवारांत उंच जागीं पेटी बसवून, तिच्या तोंडास जाळी लावून, त्यांस तींत ठेवावें. तेथून तीं भोंवतालचीं झाडें, बांध व वाटा पाहून घेतात. नऊ आठवड्यांच्या सुमारास, पाऊस नसलेल्या दिवशीं, तिन्हीसांजेस जाळी काढावी. हांकलून लावूं नये. त्यांचीं तीं बाहेर पडतात. शिकार करण्याची उपजत बुद्धि त्यांस असते, परंतु हात बसावयास अवधि लागतो. म्हणून पुढील कांहीं आठवडे रोज सायंकाळीं पेटींत मेलेले उंदीर ठेवीत जावे. ते तसेच पडून राहूं लागले, कीं पिलें स्वतंत्र झालीं असें समजून हळूहळू बंद करावे.

मुक्ततेची जागा निवडतांना दोन गोष्टी पहाव्या. ज्या शेतांत उंदरांसाठीं विष घातलें जातें तेथें पिलें सोडणें म्हणजे त्यांस मृत्यूच्या दारीं सोडणें होय. विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबडही मरतें. दुसरें, उभ्या भिंतींचे हौद व प्लॅस्टिक अंथरलेलीं शेततळीं. त्यांत पडलेलें घुबड वर येऊं शकत नाहीं. म्हणून पाण्यावर एक फळी तरंगत ठेवावी.

हा केवळ भूतदयेचा प्रश्न नव्हे. इस्रायलांत १९८३ सालीं एका सामुदायिक शेतवाडीवर गव्हाणी घुबडांसाठीं पेट्या बसविण्यास आरंभ झाला, व पुढें शेजारच्या जॉर्डन देशांतील शेतकऱ्यांनींही तो मार्ग स्वीकारला. आपल्याकडे तर हा पक्षी लक्ष्मीचें वाहन म्हणून पूजिला जातो, आणि त्याच लक्ष्मीच्या सणाच्या सुमारास अंधश्रद्धेपायीं मारलाही जातो.

आमच्या वाड्याच्या दुसऱ्या सोप्याचें छप्पर उतरविण्याची वेळ पुढें आली, तेव्हां पुन्हां तीन पिलें निघालीं. या वेळीं त्याच सायंकाळीं शेजारच्या चिंचेवर पेटी बसविली, व आम्हीं गोठ्याच्या आडोशास बसून राहिलों. प्रहर रात्र झाल्यावर एक पांढरी सांवली आवाज न करतां पेटीवर उतरली. तिच्या चोचींत उंदीर होता. आम्हांस पिलें पोसावीं लागलींच नाहींत. संगोपनाची सर्व विद्या शिकून ठेवावी, परंतु ती वापरण्याची पाळी येऊं नये, यांतच त्या विद्येचें खरें यश आहे.