बरे झाले, असे कोणी म्हणावे?

आयुष्याला अवचित कलाटणी मिळते, हातचे सारे जाते आणि त्यातूनच माणसाला श्रद्धा लाभते, असे व्यासपीठांवरून पुष्कळदा सांगितले जाते. कामगारांत वावरणाऱ्याला ते ऐकताना थोडी धास्ती वाटते. काही वर्षांपूर्वी एक कारखाना बंद झाला. शेवटच्या दिवशी फाटकाशी जमलेल्या माणसांना तिथले एक साहेब म्हणाले, ‘जे होते ते बऱ्यासाठीच होते; ही संधी समजा.’ वीस-बावीस वर्षे पाळी केलेली माणसे ती. कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही, याची टोचणी आहे. तसे पाहिले तर वाक्य जुनेच होते, पण ते त्या तोंडी शोभले नाही.

मग ते कोणाच्या तोंडी शोभते? आपले दिवाळे निघाले, दुष्काळाने छळले, लोकांत मान गेला, या सर्वांबद्दल देवाला ‘बरे झाले’ म्हणणारा तुकोबांचा एक अभंग आहे. वारकऱ्यांना तो पाठ असतो. मात्र तुकोबा त्या शब्दापर्यंत कसे पोचले, हे श्रोत्यांनी त्यांच्याच दुसऱ्या एका, आत्मचरित्रपर अभंगाच्या आधारे पाहावे. आम्हाला शाळा थोडी लाभली. जे वाचले ते पाळी सुटल्यावर. त्यामुळे आमच्या अर्थात चूक असेल तर जाणत्यांनी सुधारावी.

देहूचे हे मोरे घराणे व्यापारउदीम करणारे होते. गावची महाजनकी त्यांच्याकडे होती आणि विठ्ठलाचे देऊळ घरचे होते. 1630 च्या सुमारास गुजरातेपासून दख्खनेपर्यंत भीषण दुष्काळ पडला. त्या साली सुरतेहून बऱ्हाणपूरला गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने वाटेवरच्या प्रेतांविषयी लिहून ठेवले आहे. तुकोबांची थोरली पत्नी अन्नाविना गेली. परंपरा सांगते की मुलगाही गेला. धंदा बुडाला. लोकांना तोंड दाखवण्याची लाज वाटू लागली, हे ते स्वतःच सांगतात. ही लाज आम्ही चांगली ओळखतो. काम सुटलेला माणूस पहिले काही दिवस ठरल्या वेळी डबा घेऊन घराबाहेर पडतो आणि कुठेतरी बसून परत येतो.

यानंतर तुकोबांना एकाएकी साक्षात्कार झाला असावा, असे आपण धरून चालतो. त्यांची स्वतःची हकिकत निराळी आहे. आधी मनात आले ते एवढेच, की देऊळ मोडले आहे, ते नीट करावे. म्हणजे पहिले काम हाताचे. मग एकादशीला कीर्तन करू लागले, तर चित्त अभ्यासात नव्हते, अशी कबुली ते देतात. म्हणून संतांची काही वचने आदराने पाठ केली. पुढे जे गात, त्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. शरीर कष्टवून जमेल तसा परोपकार केला. कवित्वाची स्फूर्ती या सर्वांनंतरची. डागडुजी, पाठांतर, मागे उभे राहून साथ, असा हा संथ क्रम आहे, आणि श्रद्धा यात नेमकी कोणत्या पायरीवर आली हे ते सांगत नाहीत. बहुधा त्यांनाही तेव्हा कळले नसावे.

आणि इतके होऊनही निभावले नाही. कवित्वाला विरोध झाला, वह्या बुडवल्या गेल्या. तेव्हा ते देवाच्या दारी धरणे धरून बसले. शब्द त्यांचाच आहे, आम्ही पदरचा घातलेला नाही! देवावर विश्वास ठेवणारा माणूस देवाशीही हक्काने भांडतो, हे युनियनवाल्याला फार आवडते.

महिपतींच्या चरित्रात आणखी एक गोष्ट येते. घरातली कर्जखते पुढे आली तेव्हा धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा वाटा त्यांना देऊन तुकोबांनी आपला अर्धा इंद्रायणीत सोडला. ज्याने दुष्काळ भोगला, त्याला ऋणको कोण असतात ते कळले होते. माणूस वाढला याची खूण आम्ही अभंगांच्याही आधी या बुडालेल्या कागदांत पाहतो.

पण लेकराबायकोची आबाळ झाली, हेही त्या ‘बरे झाले’च्या अभंगातच आहे. दुसऱ्या पत्नी जिजाबाईंना आपण कजाग ठरवून मोकळे झालो. चूल त्या चालवत होत्या. मुंबईत 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीरच झाले नाही, त्यामुळे गेले ते गेले म्हणून रडून घ्यायलाही दिवस मिळाला नाही. कोणी कोकणात, कोणी घाटावर गावी परतले; कोणी भाजीची पाटी घेतली. परळ-लालबागच्या चाळींत ज्या भजनी मंडळांतून तुकोबा गायले जात, त्यांतलेच ते लोक. त्या दिवसांत बाईच्या कमाईवर किती घरे तगली, ते तिथल्या कुणालाही विचारावे.

त्या फाटकावरच्या माणसांतले एक फिटर पुढे आमच्या कचेरीत येऊन नुसते बसत. देणी मिळाली का, हेसुद्धा विचारत नसत. एके दिवशी त्यांनी न सांगता डुगडुगणाऱ्या बाकाचे पाय काढून पुन्हा बसवले. मग पंखा दुरुस्त केला. आता शेजारपाजारचे पंप, पंखे त्यांच्याकडे येतात, हाताखाली दोन पोरे शिकतात, आणि गुरुवारच्या भजनात ते मागे बसून टाळ धरतात. मिळकत पूर्वीच्या निम्मीही नाही. ‘बरे झाले’ असे त्यांनी अजून म्हटलेले नाही. आम्हीही कधी विचारलेले नाही.